चार चाकं, बर्फाचा घाट आणि ॲव्हरेजची वही

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" रंग कुठला, किंमत किती, गादी मऊ आहे का, हे सगळं मागाहून. काही जणांना हा प्रश्न चिकूपणाचा वाटतो. मला तसं मुळीच वाटत नाही. गॅसचा सिलिंडर लावला की त्याची तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवणाऱ्या, तेलाचा डबा किती दिवस पुरला ते बरोबर सांगणाऱ्या आपण बायका. आपल्याला हा प्रश्न सुचणारच.

पण समजा गाडी चांगली ऐटबाज आहे. दोनच दारांची, बुटकी, मागे उतरत्या छपराची, जिला तिकडे कूपे म्हणतात तशी. आतून कातड्याच्या खुर्च्या, आणि वर चारही चाकांना इंजिनाची ओढ. अशा गाडीला ॲव्हरेज विचारायचं का? "हत्ती पोसायचा तर ऊस मोजू नये" असं म्हणणारेही असतात. यंदाच्या फेब्रुवारीत जर्मनीच्या दक्षिणेला, बव्हेरियात, भाचीकडे महिनाभर राहून आले. अशाच एका गाडीतून आल्प्सच्या बर्फात जाऊन आले. भाचीच्या घरात ऊस मोजला जात होता, आणि त्या मोजण्यावर त्या घरातला एक मोठा निर्णय अडून बसला होता. म्हणून हे सविस्तर सांगते.

"ऐक" नावाची गाडी

भाची राहते आइकश्टेट नावाच्या लहानशा गावात. आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात वसलेलं, चर्चच्या मनोऱ्यांचं आणि चुनखडीच्या डोंगरांचं गाव. नोकरीला ती इंगोलश्टाटला जाते, साधारण सत्तावीस किलोमीटरवर. तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिची पाळी सकाळी सहाला सुरू होते. म्हणजे हिवाळ्यात पाचच्या अंधारात, गोठलेल्या रस्त्यावरून एकटीने गाडी हाकत जायचं. मागे पाळण्यासारख्या खुर्चीत दीड वर्षांचं पोर, त्याला वाटेत पाळणाघरात सोडायचं. जावई त्याच शहरात एका कंपनीत इंजिनिअर आहेत, पण त्यांची वेळ वेगळी. ते आगगाडीने जातात.

इंगोलश्टाट हे डॅन्यूबकाठचं जुनं शहर. बव्हेरियातलं पहिलं विद्यापीठ इथे १४७२ साली निघालं. बिअरमध्ये काय घालावं नि काय घालू नये याचा प्रसिद्ध कायदा १५१६ साली इथेच जाहीर झाला. मेरी शेली या लेखिकेने आपल्या कादंबरीतल्या फ्रँकेनस्टाइनला शिकायला पाठवलं तेही याच गावात. आज मात्र शहराची ओळख एकच, आउडी. आपण 'ऑडी' म्हणतो ती. या नावाचीही गंमत आहे. ऑगस्ट होर्ख या गृहस्थांना स्वतःच्याच पहिल्या कंपनीतून बाहेर पडावं लागलं आणि स्वतःचं आडनाव वापरायचीही चोरी झाली. जर्मनमध्ये 'होर्ख' म्हणजे 'ऐक'. ओळखीच्या घरातल्या, लॅटिन शिकणाऱ्या एका मुलाने त्याचं लॅटिन करून दिलं, 'आउडी'. पुढे १९३२ साली चार कंपन्या एकत्र आल्या, त्यांची खूण म्हणजे ती चार वर्तुळं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली त्यांचा संसार इंगोलश्टाटला नव्याने उभा राहिला.

भाचीची गाडी याच शहरात बनलेली, ए-फाइव्ह कूपे, क्वाट्रो. क्वाट्रो म्हणजे इटालियनमध्ये चार. इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांनाच नव्हे, मागच्या दोघांनाही मिळते. हे कूपे २००७ साली निघालं आणि २०२४ साली बंद झालं. यांनी ते चार वर्षं वापरलेलं विकत घेतलेलं.

घेतलं ते अर्थातच जावयांच्या हौसेने. आणि त्या हौसेचं मूळ थेट आपल्या मराठवाड्यात! जावई तेव्हाच्या औरंगाबादचे, म्हणजे २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरचे. शहराबाहेर शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आहे, तिथे ऑडीच्या गाड्यांचीही जोडणी होते. शाळेत असताना जालना रोडने सायकलवर जाताना लांबलचक ट्रेलरवर चढवलेल्या नव्याकोऱ्या गाड्या त्यांना दिसत. "मावशी, आमच्या आळीत तेव्हा चारचाकी एकच होती, तीही भाड्याने चालणारी जीप," ते मला म्हणाले. एवढ्यावरून मी काय ते ओळखलं. काही गाड्यांच्या टाकीत पेट्रोलखेरीजही बरंच काही भरलेलं असतं.

वही

भाची मात्र माझ्या बहिणीची लेक. तिच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर, युरो. घेतल्या दिवसापासून एकही नोंद चुकलेली नाही. त्या वहीवरून नवराबायकोचं गेले तीन महिने चाललेलं होतं.

तिचं म्हणणं, "ही गाडी विकू आणि चार दारांची साधी, लहान गाडी घेऊ. दीड वर्षाचं पोर मागच्या खुर्चीत बसवताना पुढची खुर्ची वाकवायची, आपण अर्ध्या आत शिरायचं, पट्टे लावायचे. माझी कंबर मोडते. आणि पेट्रोल पिते ते वेगळंच."

त्यांचं म्हणणं, "पहाटे पाचला तू आणि पोर बर्फातून जाता. चार चाकांची ओढ आहे म्हणून मला झोप लागते. पेट्रोलचे चार पैसे जास्त गेले तर जाऊ देत."

दोघांचंही खरं. असे वाद सर्वांत कठीण. मी आणि हे, आम्ही दोघं पाहुणे. आम्ही आपले चहा पीत ऐकत होतो. शेवटी जावईच म्हणाले, "चला, मावशींना आल्प्स दाखवू. जिथे ही चार चाकांची कल्पना पहिल्यांदा कसाला लागली तिथेच जाऊ. तू वही घे बरोबर." ह्यांनी गाडीची मागची खुर्ची एकदा डोळे भरून पाहिली, स्वतःचे गुडघे चाचपले, आणि "मी डॅन्यूबकाठी फिरीन" असं सांगून घरीच राहिले. मी भाचवाच्या शेजारी जाऊन बसले.

कमी तेवढं बरं

निघताना इंगोलश्टाटला टाकी गळ्यापर्यंत भरली. तिथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. आपण विचारतो, लिटरमागे किती किलोमीटर? आकडा मोठा तेवढी गाडी गुणी. तिकडे विचारतात, शंभर किलोमीटरला किती लिटर? म्हणजे आकडा लहान तेवढं चांगलं. गणित सोपं आहे. शंभराला त्यांच्या आकड्याने भागायचं की आपला आकडा मिळतो. पाच लिटर म्हणजे आपले वीस, आठ लिटर म्हणजे साडेबारा, दहा लिटर म्हणजे दहा. एकदा हे जमलं की मग समोरच्या पडद्यावरचे आकडे वाचताना जी करमणूक होते ती विचारू नका.

म्युनिक ओलांडून आम्ही साल्झबुर्गच्या दिशेला लागलो. डाव्या हाताला कीमझे नावाचं प्रचंड सरोवर, समोर पांढऱ्या डोंगरांची भिंत. जर्मनीच्या महामार्गावर पुष्कळ ठिकाणी वेगाला मर्यादा नाही. ताशी एकशेतीस बरा, अशी फक्त शिफारस आहे. मोकळा रस्ता मिळाला तसे जावई एकशेसाठवर गेले. गाडी अशी शांत, की पोर झोपेतून हललंही नाही. पण पडद्यावरचा आकडा साडेदहावर चढला, म्हणजे आपले साडेनऊ. भाची काही बोलली नाही. नुसती वही मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळाने जावयांनी पाय सैल केला, गाडी एकशेवीसवर आली आणि आकडा उतरत उतरत सातावर स्थिरावला. आपले चौदा.

त्याचं कारण असं, की वेग वाढला की समोरची हवा जी अडवते तिचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट तर जोर सव्वादोन पट. आपण छत्री घेऊन वाऱ्याविरुद्ध चालतो तेव्हा जे होतं तेच. बुटक्या, घसरत्या अंगाच्या कूपेला ही छत्री जरा लहान असते एवढंच.

"मग चार चाकांमुळे किती जास्त जातं?" मी विचारलं. जावयांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगते. मागच्या चाकांपर्यंत ताकद न्यायची तर गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा, मागे दातेरी चाकांची पेटी, तिच्यात तेल. हे सगळं लोखंड रोज वागवायचं, शिवाय ते फिरवायला, तेलातून घुसळायला जोर लागतो. ताकातल्या रवीसारखं. या वर्गातल्या गाडीला त्यापायी शंभर किलोमीटरला ढोबळमानाने अर्धा लिटर जास्त पडतो. त्यावरही उपाय निघाला. २०१६ साली ऑडीने अशी रचना आणली, की कोरड्या, सरळ रस्त्यावर मागची बाजू पार सोडवून ठेवायची आणि पुढची चाकं घसरण्याची चाहूल लागताच क्षणात जोडायची. एकत्र कुटुंबात दोन जावा असतात तशी ही गोष्ट. रोजचा स्वयंपाक एकीने करायचा, पंगत असली की दुसरीला हाक मारायची. यातून शंभर किलोमीटरला सरासरी ०.३ लिटर वाचतं, असं कंपनीचं सांगणं. यांची गाडी त्याच पद्धतीची.

भाचीने तिथेच हिशेब मांडला. वर्षाला तिचे बारा हजार किलोमीटर होतात. पूर्ण अर्धा लिटर जास्त धरला तरी साठ लिटर. त्या आठवड्याच्या भावाने साधारण शंभर युरो. "आणि एकशेवीसऐवजी एकशेसाठने गेलं तर शंभर किलोमीटरला साडेतीन लिटर," तिने नवऱ्याकडे न पाहता वाचून दाखवलं. "म्हणजे चार चाकं खातात त्याच्या सातपट तुझा उजवा पाय खातो." जावई हसले, पण त्यानंतर गाडी एकशेवीसच्या वर गेली नाही. पुढे ऑस्ट्रियाची हद्द लागली. तिथे एकशेतीसच्या वर जाणं गुन्हाच.

घाटमाथ्यावर

साल्झबुर्गनंतर रस्ता डोंगरात शिरतो. टाउअर्नचा बोगदाच सहा किलोमीटरहून लांब. आत शिरताना राखाडी आभाळ होतं, बाहेर पडलो तो सगळा मुलूख पांढरा! सांक्ट मिखाएलला महामार्ग सोडला, टाम्सवेगवरून मूर नदीच्या खोऱ्यातून प्रेडलित्सला आलो आणि तिथून घाट सुरू झाला. दोन्ही अंगांना बर्फाने वाकलेली सूचिपर्णी झाडं, मधे नांगरून मोकळी केलेली रस्त्याची पट्टी, तिच्यावर पुन्हा ताजं बर्फ. जावयांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली बायकोच्या हातात दिली. "रोज तू चालवतेस. आजही तूच चालव."

भाची सावकाश निघाली. एका वळणावर पुढच्या चाकांवर चालणारी एक मालवाहू व्हॅन अडकलेली. तिचा ड्रायव्हर बर्फात गुडघे टेकून चाकांना साखळ्या बांधत होता. आमची गाडी त्याच्याजवळून जाताना क्षणभर जराशी थरथरली आणि जमीन घट्ट धरून वर गेली. मागच्या जावेला हाक गेली, मी मनात म्हटलं. पडद्यावर आकडा होता अठरा. आपले साडेपाच! पण त्या वळणावर तो आकडा मला मुळीच जास्त वाटला नाही.

वर पोचलो त्या जागेचं नाव तुराखर ह्योए. उंची सुमारे सतराशेसाठ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून शंभरेक मीटर जास्त. श्टायरमार्क आणि केर्न्टन या दोन प्रांतांची सीमा इथूनच जाते. मधोमध गोठलेलं सरोवर, भोवती सुगंधी लाकडाची झिर्बे नावाची झाडं, लाल-पिवळ्या कपड्यांतली स्की करणारी माणसं. एका लाकडी उपाहारगृहात कायझरश्मार्न खाल्लं. अंडी, दूध, मैद्याचं जाड, फुगलेलं धिरडं तव्यातच तोडून, लोण्यात परतून, वर पिठीसाखर आणि बाजूला आलुबुखाराचा शिजवलेला गर. बेदाणेही असतात. भाचवाने निम्मं संपवलं.

आता इथेच का आलो, ते सांगते. १९७७ च्या हिवाळ्यात फिनलंडच्या बर्फात ऑडीच्या गाड्यांची चाचणी चालली होती. बरोबर सैन्यासाठी तयार होत असलेली इल्टिस नावाची एक चार चाकांच्या ओढीची जीप होती, अवघ्या ७५ अश्वशक्तीची. ती आपली जास्त ताकदीच्या मोटारींना मागे टाकून पुढे! योर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरच्या डोक्यात आलं, हीच युक्ती साध्या मोटारीला का नको? जानेवारी १९७८ मध्ये पहिली चाचणी-गाडी याच तुराखर ह्योएला आणली. शेकडा तेवीसचा चढ, बर्फ, चाकांना साखळ्या नाहीत आणि टायर उन्हाळ्याचे. गाडी साहेबांच्या डोळ्यांदेखत चढून गेली.

पुढची गोष्ट आपल्या कामाची. फोक्सवॅगनचे मोठे अधिकारी प्रोफेसर एर्न्स्ट फियाला ही गाडी व्हिएन्नाला घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी ती घेऊन बाजारात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, गाडी लावताना उड्या मारते! तज्ज्ञांना घाटावर जे दिसलं नव्हतं ते बाजारात गाडी लावताना एका गृहिणीला कळलं. कारण असं. लेझीमची रांग वळते तेव्हा बाहेरच्या टोकाच्या मुलाला पळावं लागतं आणि आतला जागच्या जागी पाय हलवतो. सगळ्यांनी सारखी पावलं टाकायची म्हटली तर रांग तुटेल. गाडी वळतानाही पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडावं लागतं. त्या पहिल्या गाडीत पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना पक्का बांधलेला होता, म्हणून चाकं फरफटत आणि गाडी उडे. मग मधे एक फरक सांभाळणारी पेटी बसवली, तीही एका पोकळ दांड्याच्या आतून दुसरा दांडा नेऊन, म्हणजे वजनही वाढलं नाही नि जागाही गेली नाही. वजन नाही म्हणजे पेट्रोलही नाही. मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वाट्रो कूपे लोकांपुढे आलं ते असं, २०० अश्वशक्तीचं.

तसं पाहिलं तर चार चाकांच्या ओढीचं आलिशान कूपे इंग्लंडमध्ये १९६६ सालीच निघालं होतं, जेन्सन एफएफ. पण सहा लिटरहून मोठं इंजिन, अवाच्या सवा किंमत, तीनशेवीसच्या आसपास गाड्या झाल्या आणि संपलं. हत्तीच तो. क्वाट्रोच्या मागचा विचार वेगळा होता. हीच सोय हलकी आणि आटोपशीर करायची, म्हणजे ती साध्या माणसांच्या गाडीतही बसेल. १९८१ साली मिशेल मूतों या फ्रेंच स्त्रीने, शेजारी वाट सांगायला फाब्रित्सिया पॉन्स हिला घेऊन, याच क्वाट्रोमधून इटलीतली सान रेमोची शर्यत जिंकली. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री. पुढच्या वर्षी तिने आणखी तीन जिंकल्या आणि जगात दुसरी आली.

उतारावरचं शहाणपण

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायला लागलो. पडद्यावर आकडा शून्य! गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की उतारावर इंजिनाला पेट्रोल जाणंच बंद होतं. चढताना उधळलेलं थोडंफार उतरताना परत मिळतं ते असं. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवायला जाऊ नये. तसं केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, आणि घाटात ब्रेक तापतात ते निराळं.

पण खरं शहाणपण दुसरंच होतं. एका निसरड्या वळणाआधी भाचीने ब्रेकवर हलकेच पाय ठेवला आणि म्हणाली, "अरे, चार चाकांची ओढ पुढे जायला. थांबायला काय?" जावई जरा गप्प झाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "थांबायला सगळ्याच गाड्यांचे ब्रेक चार चाकांना असतात. तिथे क्वाट्रोचा उपयोग नाही. तिथे टायर." थंडीत रबर कडक होतं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, म्हणून तिकडे पारा सात अंशांच्या खाली राहू लागला की ते लावावेत असं म्हणतात. बर्फाळ रस्त्यावर ते जर्मनीत आणि ऑस्ट्रियात कायद्यानेही लागतात.

म्हणजे काय झालं बघा. जावयांच्या काळजीचं अर्धं उत्तर चार चाकांत होतं, अर्धं टायरमध्ये. आइकश्टेट ते इंगोलश्टाट हा हमरस्ता, पहाटे आधी मीठ टाकून, नांगरून मोकळा केलेला. तिथे तुराखर ह्योएसारखा चढ नाही. चढायचं कमी, थांबायचं जास्त. गंमत म्हणजे, घाट स्वतः चढवून आणल्यावर भाचीच गाडीच्या प्रेमात पडल्यासारखी झाली होती. "चढते मात्र छान," ती दोनदा म्हणाली. आणि जावई मागे वळून पोराच्या पट्ट्याशी झटत होते. ते काम त्यांनी त्या दोन दिवसांत पाच वेळा केलं. कंबर मोडते म्हणजे नेमकं काय होतं, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

परत इंगोलश्टाटला आलो, टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. एकूण आठशेदहा किलोमीटर, त्रेसष्ट लिटर आणि वर थोडं. शंभराला सात पूर्णांक आठ, म्हणजे लिटरला बारा पूर्णांक आठ. दीड टनाहून जड गाडी, चार माणसं, बर्फाचा घाट. "वाईट नाही," भाची म्हणाली आणि तिने वहीत आकडा लिहिला.

त्याच आठवड्यात दोघांनी ठरवलं. हिवाळा संपेपर्यंत गाडी ठेवायची, वसंतात विकायची, आणि चार दारांची लहान गाडी घ्यायची. पण तिच्यासाठी उत्तम हिवाळी टायर आधी. ज्या रविवारी ठरलं त्या संध्याकाळी जावई खाली जाऊन गाडी धूत बसले. इतक्या थंडीत कशाला, असं मी म्हणणार होते, पण भाचीने मला खुणेने थांबवलं. थोड्या वेळाने ती स्वतःच गरम पाण्याची बादली घेऊन खाली गेली. ॲव्हरेज विचारावं, जरूर विचारावं. पण माणसाने त्या गाडीत काय काय भरलं आहे, तेही जाणावं. दोन्हींचा हिशेब घरातल्या दोघांनी मिळून केला तर भांडणाची वेळ येत नाही.

जाता जाता: ॲव्हरेज कसं काढावं?

भाचीच्या वहीतली ही पद्धत तुमच्या स्कूटरला नि मोटारीलाही चालेल.

टाकी पूर्ण भरा. पंपाचा नळ आपोआप बंद होतो तिथेच थांबा, वर "जरा आणखी" नको. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. पुढच्या वेळी, शक्यतो त्याच पंपावर, पुन्हा तशीच पूर्ण भरा. मधल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरांनी भागा. एका खेपेवर विश्वासू नका, तीन-चार खेपांची सरासरी घ्या. आकडा अचानक घसरला तर आधी टायरमधली हवा बघा. हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. टपावरचा कॅरिअर काम झालं की काढून ठेवावा. सिग्नल लांबून लाल दिसला की आधीच पाय उचलावा. इंजिन गरम व्हावं म्हणून गाडी दारात उगाच चालू ठेवू नये. तिकडे तर त्याला कायद्यानेच मनाई आहे. आणि जवळच्या जवळ चार वेगवेगळ्या फेऱ्या मारण्यापेक्षा दळण, भाजी आणि बँक एकाच फेरीत उरकावी. थंड इंजिन सगळ्यांत जास्त पितं.

वही मात्र घरात अशा जागी ठेवावी, की दोघांनाही ती उघडता येईल.